नवऱ्याच्या आजीचं गाव 'योझेफ्सटाल', पण नेमकं कुठलं? (बोहेमिया, चर्चच्या वह्या, जुने नकाशे)

मृण्मयी_रेगेन्सबुर्ग

नमस्कार मंडळी. माझं माहेर सातारा, लग्नानंतर जर्मनीत, बायर्नमध्ये असते. नवरा जर्मन, पण त्याच्या आईकडचं घराणं मूळचं इथलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषक घालवले गेले, त्यातलं हे कुटुंब. आजेसासूबाई १९४६ मध्ये लहान असताना मालगाडीच्या डब्यातून इकडे आल्या. गावाबद्दल त्या फार बोलायच्या नाहीत आणि कुणी खोदून विचारलंही नाही.

त्या गेल्यानंतर सासूबाईंनी एक जुना पत्र्याचा डबा माझ्याकडे सोपवला. म्हणाल्या, तुलाच असल्या गोष्टींची आवड आहे, तूच बघ. आत थोडे फोटो, एक जपमाळ आणि आजेसासूबाईंच्या वडिलांचा 'आनेनपास' आहे. आनेनपास म्हणजे नाझी काळात 'आपण आर्य आहोत' हे दाखवायला लोक जवळ ठेवत ती पूर्वजांची पुस्तिका. वर गरुड आणि स्वस्तिक. नवऱ्याला ती हातात धरायलाही नको वाटते, ते मला समजतं. पण आत पाच पिढ्यांची नावं, जन्मतारखा आणि प्रत्येक नोंदीखाली धर्मगुरूची सही आहे. सगळ्यात जुनी माहिती अशी: योहान, जन्म १८२१, 'योझेफ्सटाल, घर नंबर १७'. वडिलांचा धंदा 'होल्त्सहाउअर', म्हणजे लाकूडतोड्या.

अडचण अशी की नोंद कुठल्या चर्चची, त्या रकान्यावर पाणी सांडून शाई पसरली आहे. चर्चच्या नावाची शेवटची अक्षरं '…बेर्ग' एवढीच लागतात. गोल शिक्क्याचा अर्धा भाग दिसतो, त्यात '…बरडोनाउ' असं काहीतरी आहे. ते नदीचं नाव असावं असं वाटून मी सोडून दिलं.

नवऱ्याच्या एका मावसभावाने पैसे भरायच्या एका वंशावळीच्या संकेतस्थळावर झाड तयार केलंय. त्याने यिझेरा पर्वतातलं, काचकामासाठी प्रसिद्ध असलेलं योझेफ्सटाल धरलं आणि तिथला त्याच आडनावाचा एक योहान घेऊन थेट १६८० पर्यंत जाऊन पोचला. पण तिथल्या योहानचा बाप विणकर आहे आणि आमच्याकडे लाकूडतोड्या लिहिलंय. मला ते पटत नाही.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वराला गेलं की उपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात आणि पणजोबांची सही असलेली वही काढून दाखवतात. इथे गावच ठरत नाहीये, तर वही कुठली मागायची? कुणी असलं काम केलंय का?

निवृत्त_मोजणीदार

मृण्मयीताई, मावसभावाचं झाड तूर्त बाजूला ठेवा. १६८० राहू द्या, आधी १८२१ पक्कं करू.

माझी ओळख सांगतो, म्हणजे हा माणूस बोहेमियाबद्दल, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागाबद्दल, का बोलतोय ते कळेल. भूमी अभिलेख खात्यात आयुष्य गेलं. मुलगा चेक प्रजासत्ताकात, सून तिथलीच. तिकडे जातो तेव्हा मी आणि आमचे व्याही मिळून तिच्या घराण्याचा माग काढतो. व्याही वनखात्यातले, त्यांना जुनं जर्मन अक्षर वाचता येतं. मला नकाशा वाचता येतो. मोडकं इंग्रजी दोघांनाही येतं, तेवढ्यावर भागतं.

आता तुमचं गाव. योझेफ्सटाल म्हणजे योझेफचं खोरं. हे नाव बोहेमियात सढळ हाताने दिलं गेलं. उत्तरेकडच्या यिझेरा पर्वतात याब्लोनेत्सजवळ एक आहे, तेच तुमच्या मावसभावाला सापडलं. म्लादा बोलेस्लाव्हजवळ दुसरं आहे, जिथे स्कोडाचा कारखाना आहे त्या भागात. आणि तिसरं शुमाव्हाच्या जंगलात, ऑस्ट्रियाच्या सीमेला चिकटून, ग्ल्योकेलबेर्ग या गावाच्या पोटात. चेक नकाशांवर या तिन्हींचं नाव एकच, योझेफूव्ह दूल.

तुम्ही सोडून दिलेला तो शिक्का मला सगळ्यात मोलाचा वाटतो. '…बरडोनाउ' म्हणजे 'ओबरडोनाउ'. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हिटलरने बोहेमियाची कड तोडून घेतली. तिचा उत्तरेकडचा मोठा भाग 'सुडेटनलांड' नावाच्या प्रांतात गेला. दक्षिणेचा क्रुमाउ, म्हणजे आजचं चेस्की क्रुमलोव्ह, आणि काप्लिट्स हा पट्टा मात्र ऑस्ट्रियाच्या वरच्या प्रांताला जोडला गेला, आणि त्या प्रांताचं नाझी काळातलं नाव ओबरडोनाउ. यिझेरा पर्वतातल्या धर्मगुरूने ओबरडोनाउचा शिक्का मारण्याचं काही कारण नाही. म्लादा बोलेस्लाव्ह तर तेव्हा वेगळ्याच अंमलाखाली होतं. म्हणजे राहिलं शुमाव्हाचं योझेफ्सटाल आणि '…बेर्ग' म्हणजे ग्ल्योकेलबेर्ग. लाकूडतोड्या हा धंदाही तिथे चपखल बसतो. क्रुमाउची जहागीर श्वार्झेनबेर्ग घराण्याची. त्यांचा अभियंता योझेफ रोझेनाउअर याने १७८९ पासून या जंगलातून एक कालवा खोदला, पाणलोट ओलांडून. शुमाव्हातली लाकडं त्या कालव्यातून डॅन्यूबकडे आणि पुढे व्हिएन्नाच्या चुलींपर्यंत वाहत जायची. त्या कामासाठी या उंचीवरच्या थंड मुलखात लाकूडतोड्यांच्या वस्त्या वाढल्या.

आता नकाशे. आजचा नकाशा उघडून शोधू नका. ग्ल्योकेलबेर्गचं आजचं चेक नाव झ्वोन्कोव्हा. १९४६ नंतर सीमेचा प्रतिबंधित पट्टा झाल्याने गाव जवळजवळ उरलंच नाही. शिवाय जवळचं लिप्नो धरण १९५० च्या दशकातलं आहे. त्याच्या पाण्याखाली जुने रस्ते आणि वाड्या गेल्या, त्यामुळे कुठल्या गावाहून कुठल्या चर्चला लोक चालत जात असतील याचा आजच्या नकाशावरून अंदाजच येत नाही.

आधी हाब्सबुर्ग, म्हणजे जुन्या ऑस्ट्रियन साम्राज्याच्या, लष्कराचे नकाशे बघा. पहिली पाहणी १७६३ ते १७८७ ची, १:२८८०० प्रमाणाची. दुसरी १८०६ पासूनची. दोन्ही आज इंटरनेटवर सध्याच्या नकाशावर पांघरून बघता येतात. त्यावरून शिवार, रस्ते, नाले आणि चर्च कुठे ते कळतं. योझेफ्सटाल कुठल्या चर्चच्या अंगाला आहे ते आधी डोळ्यांनी बघा.

मग खरा ऐवज, 'स्थिर कॅडस्टर', म्हणजे जमीनमोजणीचे नकाशे आणि नोंदी. सम्राट पहिल्या फ्रान्झने १८१७ मध्ये जमीन महसुलासाठी प्रत्येक गावाची मोजणी करायचा हुकूम काढला. बोहेमियाची मोजणी १८२६ ते १८४३ या काळात झाली, प्लेन टेबलावर (शेतात उभ्या करायच्या नकाशाच्या फळीवर), शेत न् शेत, घर न् घर. प्रमाण १:२८८०. हा आकडा प्रथम बघितला तेव्हा मला विचित्र वाटला होता. मग मांडणी केली: एक इंच म्हणजे चाळीस क्लाफ्टर, एका क्लाफ्टरचे सहा फूट, फुटाचे बारा इंच. चाळीस गुणिले बहात्तर, दोन हजार आठशे ऐंशी. मीही उमेदवारीत प्लेन टेबलावर उन्हात उभा राहिलो आहे, त्यामुळे त्या मोजणीदारांच्या रेषा बघताना भरून येतं. त्याच सुमारास, १८३५-३६ मध्ये, गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी आपल्याकडे इंदापूर तालुक्यात मोजणीची नवी पद्धत बसवत होते. दोन्हीकडे हेतू शेतसाऱ्याचाच, पण बोहेमियाच्या नकाशांत रंग आहेत. पिवळं घर लाकडाचं, लाल घर दगडविटांचं, गडद लाल म्हणजे चर्चसारखी मोठी इमारत, करडं ते जंगल. योझेफ्सटालची घरं पिवळी आहेत का, जंगल अंगणापर्यंत आलंय का, हे तुम्हाला घरबसल्या दिसेल. चेक मोजणी खात्याने या नकाशांची शाही प्रत विनामूल्य ऑनलाइन ठेवली आहे.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. नकाशात घरावर दिसणारा आकडा हा बांधकामाच्या तुकड्याचा, आपल्या भाषेत सर्व्हे नंबर. तो घर नंबर नव्हे. आनेनपासमधलं '१७' म्हणजे १७७० च्या दशकात सैन्यभरतीसाठी घराघरावर घातलेला क्रमांक. नकाशावर १७ शोधून त्या घराला बोट लावलंत तर भलत्याच्या दारात जाल. सर्व्हे नंबर आणि घर नंबर यांची जोड 'बाउपार्सेलेन-प्रोटोकोल' या नोंदवहीत असते. बोहेमियाच्या या वह्या प्रागच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात सर्व्हे नंबर, घर नंबर आणि मालकाचं नाव एकाच ओळीत मिळतं.

चर्चच्या वह्यांसाठी त्रेबोनच्या प्रादेशिक अभिलेखागाराचं डिजिटल दालन उघडा. दक्षिण बोहेमियाच्या सगळ्या मात्रिका, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या, तिथे स्कॅन करून ठेवल्या आहेत, एक पैसा पडत नाही. ग्ल्योकेलबेर्ग जर्मन आणि चेक दोन्ही नावांनी शोधा. त्याच्या मागे जायचं झालं तर ओबरप्लानच्या वह्या चाळा, चेक नाव होर्नी प्लाना. लेखक आडाल्बेर्ट श्टिफ्टर १८०५ मध्ये जन्मला तेच गाव. दुसऱ्या योझेफच्या काळात जुन्या मोठ्या पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतली गावं) फोडून पुष्कळ नव्या केल्या गेल्या, त्यामुळे १७८० च्या मागे गेलात की थोरल्या चर्चकडेच वळावं लागतं.

माझा एकच आग्रह आहे. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं समजू नका. या भागात योहान, योझेफ, माथियास, मारिया, थेरेझिया एवढ्या चारपाच नावांवर अख्खं गाव चालायचं. गाव, घर नंबर, नाव आणि आईचं नाव, चारही जुळू द्या. मगच एक पिढी मागे जा.

आगाशीचा_सायमन

मोजणीदारकाकांचं उत्तर वाचून माझ्याही अनुभवाचं थोडं लिहितो. मी वसईचा, कॅथलिक. आमच्या पॅरिशच्या कार्यालयात जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांची सूची करायला मदत केली आहे. वसई असो की बोहेमिया, वही त्याच शिस्तीने चालते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये लग्नाची आणि बाप्तिस्म्याची नोंद बंधनकारक केली, मृत्यूची १६१४ च्या विधिग्रंथाने. त्यामुळे एका देशातली वही वाचता आली की दुसरीकडे फार अडत नाही.

मृण्मयी, मधली ओळ वाचायच्या आधी समास वाचायची सवय लाव. १९०८ च्या ईस्टरपासून कॅथलिक चर्चने सगळीकडे नियम केला, की माणसाचं लग्न झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी ते लिहायचं: कुणाशी, कुठे, कधी. म्हणजे विसाव्या शतकातल्या एखाद्या पूर्वजाचा बाप्तिस्मा सापडला की त्याचं लग्न बहुधा समासातच लिहिलेलं असतं, लग्नाची वही वेगळी चाळावी लागत नाही.

तुझ्या बाबतीत समासात आणखी एक गोष्ट असू शकते. आनेनपाससाठी १९३८ नंतर लोकांनी धर्मगुरूंकडे रांगा लावून दाखले काढले. पुष्कळ वह्यांत जुन्या नोंदीशेजारी शिसपेन्सिलीने किंवा शाईने बारीक लिहिलंय की अमुक सालात दाखला दिला. तुझ्याकडच्या आनेनपासमध्ये दाखल्याचं साल असेल. १८२१ च्या नोंदीशेजारी तेच साल दिसलं तर दोन योहानांमधला तुमचा कोणता हे धर्मगुरूनेच सांगून ठेवलंय असं समज.

लग्नाच्या नोंदीत 'डिस्पेन्साटिओ' शब्द दिसला तर थांबून वाच. नवरा-नवरी नात्यातले असले की बिशपकडून सूट घ्यावी लागे, आणि नातं कितव्या पायरीचं ते तिथे लिहिलेलं असतं. लहान डोंगरी वस्तीत असं खूप सापडतं. त्या एका ओळीत दोन घराण्यांचा समाईक पूर्वज लपलेला असतो. दाई आणि धर्ममातापिता यांची नावंही उतरवून घे. आमच्याकडे धर्मपिता बहुतेक मामा नाहीतर काका असतो, तिकडेही जवळच्यांनाच बोलावत. पुढे जिथे अडशील तिथे तोच माणूस वाट दाखवतो.

ग्ल्योकेलबेर्ग हे नाव मला आधीपासून ठाऊक आहे. धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) एंगेलमार उन्झाइटिग १९४१ मध्ये अटक झाली तेव्हा याच पॅरिशचे धर्मगुरू होते. ज्यूंची बाजू घेऊन बोलल्यामुळे त्यांना डाखाउच्या छळछावणीत टाकलं. तिथे टायफसच्या बराकीत कुणी जायला तयार नव्हतं, ते स्वतःहून सेवेला गेले आणि त्याच आजाराने मार्च १९४५ मध्ये वारले. २०१६ मध्ये व्युर्त्सबुर्गला त्यांना धन्यवादित घोषित केलं. तुझ्या आजेसासूबाईंचं कुटुंब त्याच चर्चमध्ये मिस्साला जात असेल, तर घरातल्या थोरांनी त्यांना पाहिलं असण्याची शक्यता आहे. नवऱ्याला हे जरूर सांग. त्या पुस्तिकेवर गरुड आहे, पण त्याच गावात हेही घडलंय.

अदिती_जर्मन

मी पुण्यात जर्मनचे अनुवाद करते. जुनी हस्तलिखितं बरीच हाताखालून गेली आहेत, म्हणून फक्त अक्षराबद्दल लिहिते.

मृण्मयी, तुला आजचं जर्मन उत्तम येत असेल तरी पहिलं पान उघडल्यावर एक शब्द लागणार नाही. लिपी 'कुरेंट' आहे. तिच्यात ई, एन आणि आर यांचे दांडे जवळजवळ सारखे दिसतात. यू ओळखायची खूण म्हणजे डोक्यावरची छोटी अर्धगोल रेघ. एखाद्या अक्षरावर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दोनदा वाचायचं. नावांपासून सुरुवात कर. योहान आणि मारिया कसे लिहिलेत ते तुला आधीच माहीत आहे, त्यावरून त्या धर्मगुरूची वर्णमाला कागदावर उतरव आणि तीच किल्ली म्हणून वापर. धर्मगुरू बदलला की किल्ली नव्याने करावी लागते.

तारखांत '७बर', '८बर', '९बर', '१०बर' असं दिसेल. हे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. ८बर म्हणजे ऑगस्ट समजलीस तर बाळाचा जन्म आईबापांच्या लग्नाआधी पडेल आणि विनाकारण घरात गोंधळ उडेल.

बाईच्या आडनावाला शेवटी 'इन' लागलं असेल तर ते काढून टाक, ती फक्त स्त्रीलिंगाची खूण आहे. आणि आडनावानंतर 'व्हुल्गो' किंवा 'आलियास' लिहून दुसरं नाव असेल तर दोन्ही जपून ठेव. बोहेमियात घराचं स्वतःचं नाव असे. घरजावई आला की लोक त्याला त्या घराच्या नावानेच हाक मारत, आणि कधीकधी वहीतही तेच चढे. एकाच माणसाची पहिली तीन मुलं एका आडनावाने आणि चौथं दुसऱ्या आडनावाने नोंदलेलं मी पाहिलं आहे.

१७८४ च्या आधीच्या नोंदी सलग वाक्यात लिहिलेल्या असतात, बऱ्याचदा लॅटिनमध्ये. १७८४ मध्ये दुसऱ्या योझेफने फर्मान काढून जन्म, लग्न, मृत्यू यांच्या वेगळ्या वह्या आणि छापील रकाने आणले: तारीख, घर नंबर, नाव, धर्म, लिंग, औरस की अनौरस, आईबाप, साक्षीदार. १८२१ ची नोंद तू रकान्यांच्या आधारानेच अर्धी वाचशील. शेवटची सूची मात्र आडनावाऐवजी पहिल्या नावाने लावलेली निघाली तर बिचकू नकोस, असं असतं.

मृण्मयी_रेगेन्सबुर्ग

काय लिहू, तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. शिक्का भिंगाखाली धरला, ओबरडोनाउच आहे!

त्रेबोनच्या दालनात ग्ल्योकेलबेर्गची वही मिळाली. १८२१ मध्ये योझेफ्सटालला आमच्या आडनावाचे दोन योहान जन्मले आहेत, एक घर नंबर ९ मध्ये आणि एक १७ मध्ये. सायमन, १७ च्या नोंदीशेजारी समासात शिसपेन्सिलीने '१९३९' आहे, आणि आनेनपासमधल्या दाखल्याचं सालही १९३९! हे पाहिलं तेव्हा नवरा माझ्या शेजारी बसला होता. त्याने पहिल्यांदा ती पुस्तिका स्वतःहून हातात घेतली आणि पान उघडून साल पडताळलं.

अदिती, तुझी किल्लीची युक्ती फार कामाची. आईचं नाव लागलं. बापाच्या नावापुढे 'इनवोनर उंड होल्त्सहाउअर' आहे. धर्मपिता ह्युटेनहोफ गावचा.

मोजणीदारकाका, आता प्रश्न असे. इनवोनर म्हणजे नक्की काय समजायचं? त्या १७ नंबरच्या घराला मी आमचं मूळ घर म्हणू शकते का? आणि आजेसासूबाईंची स्वतःची जन्मनोंद त्या दालनात दिसत नाही, ती कुठे असेल?

आणखी एक, जरा अवघड. नवरा विचारतो, ज्या कागदाने कुणाचं तरी जगणं हिरावलं, त्याच कागदावर आपण घराण्याचा अभिमान कसा उभा करायचा? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निवृत्त_मोजणीदार

मृण्मयीताई, फार छान काम केलंत. समासातली ती पेन्सिल म्हणजे आमच्या भाषेत हद्दीचा दगड सापडला.

इनवोनर म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणारा, बिनजमिनीचा माणूस. शेतकरी असता तर 'बाउअर' लिहिलं असतं, छोटं घर आणि परसाची जमीन असती तर 'हॉइस्लर'. तेव्हा १७ नंबर हे तुमच्या योहानचं जन्मघर, मालकीचं घर नव्हे. हे लोक भाड्याने राहत, काम असेल तिथे हलत. एकाच जोडप्याची मुलं चार वेगवेगळ्या घरनंबरांवर जन्मलेली दिसतील, त्याने गोंधळू नका. भावंडांच्या सगळ्या नोंदी काढा आणि घरनंबर तारखेप्रमाणे लावा. कुटुंब कुठून कुठे सरकलं ते त्यावरून उमगतं. कालव्याचं काम जसजसं पुढे गेलं तसतशी माणसं सरकली का, हे मला स्वतःला बघायला आवडेल.

मोजणीच्या वेळी घराचा मालक कोण होता हे कॅडस्टरच्या बाउपार्सेलेन-प्रोटोकोलमध्ये कळेल. प्रागच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला गावाचं नाव आणि क्रुमाउ जिल्हा लिहून प्रत मागवा. त्याच गावाची 'इंडिकेशन स्किझ्झे' असेल तर तीही मागा. मोजणीदाराने शेतात वापरलेला हा कच्चा नकाशा. त्यावर घरनंबर आणि मालकांची नावं थेट जागेवर लिहिलेली असतात. आमच्याकडच्या टिपणासारखंच काम, म्हणून माझा त्यावर जास्त जीव. जमीनदारीच्या काळात जमीन हस्तांतर झालं की श्वार्झेनबेर्गांच्या कचेरीत नोंद व्हायची, त्या वह्याही त्रेबोन आणि क्रुमलोव्हच्या अभिलेखागारांत आहेत. त्रेबोनच्या दालनात जनगणनेचे अर्जही स्कॅन आहेत. तुमच्या गावाचे मिळाले तर घरातल्या प्रत्येकाचा जन्म, धंदा आणि मूळ गाव एका कागदावर दिसेल.

आजेसासूबाईंची नोंद ऑनलाइन नसणारच. चेक कायद्याप्रमाणे जन्माची वही शेवटच्या नोंदीनंतर शंभर वर्षं आणि लग्न-मृत्यूची पंच्याहत्तर वर्षं नोंदणी कार्यालयात राहते, नंतर अभिलेखागारात जाते. सासूबाई थेट वारस आहेत, त्यांनी नातं दाखवणारे कागद जोडून संबंधित कार्यालयाकडे उतारा मागावा. तुमच्या जवळच आणखी एक खजिना आहे. १९५२ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीने या निर्वासितांना नुकसानभरपाई दिली. त्यासाठी कुटुंबांनी मागे काय राहिलं, घर, गोठा, जमीन, याचा अर्ज भरला. ते अर्ज बायरॉइथला संघीय अभिलेखागाराच्या शाखेत आहेत. रेगेन्सबुर्गहून फार लांब नाही. आजेसासूबाईंच्या आईवडिलांनी अर्ज केला असेल तर १९४६ चं घर त्यांच्याच शब्दांत मिळेल.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नावर बराच विचार केला. आमच्या व्याह्यांशीही बोललो. ते म्हणाले, ज्या राजवटीने आजेसासूबाईंच्या वडिलांना ही पुस्तिका भरायला लावली, तिनेच बोहेमियातल्या ज्यूंच्या जन्म-मृत्यूच्या वह्या प्रागला गोळा करून नेल्या, आणि १९४५ च्या वसंतात त्यातल्या बहुतेक नष्ट झाल्या. कित्येक ज्यू घराण्यांना आज अठराशे एकवीसचा योहान शोधायला पानच उरलेलं नाही. व्याह्यांचं मत असं की तुमच्या पुस्तिकेतली नावं खरी आहेत आणि ती वापरावीत, पण वंशावळ लिहाल तेव्हा मूळ आधार म्हणून चर्चची वही द्यावी, आनेनपास नाही. वही १८२१ ची आहे, ती कुणाचं रक्त तपासायला लिहिलेली नव्हती. मला हे पटलं. आणि पुस्तिका फेकू नका. कुठल्या हेतूने बनली ते एका कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला कोरी मिळणार नाही.

आता पुढचं काम. १८२१ च्या योहानच्या आईबापांचं लग्न शोधा. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होतं. धर्मपिता ह्युटेनहोफचा आहे, तर बाई तिकडचीच असावी असा माझा कयास आहे. १८२१ पासून मागे एकेक वर्ष या. ग्ल्योकेलबेर्गला नाही मिळालं तर ओबरप्लान बघा. तिथेही नाही तर सीमेपलीकडच्या उलरिक्सबेर्गच्या वह्या बघा. ते गाव ऑस्ट्रियात आहे आणि लिंझ धर्मप्रांताच्या वह्या 'मात्रिकुला' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तेव्हा ती सीमा एकाच साम्राज्याच्या आतली होती, लाकूडतोडे रोज ओलांडत असतील.

लग्नाच्या नोंदीत वराचं आणि वधूचं वेगवेगळं घरनंबर असतं. दोन्ही मिळाले की इथे टाका, मी कॅडस्टरचं पान काढून ठेवतो.